शिट्टी रेफ्रीची

आमच्या कॉलेजला ग्राउंड नव्हतं, हॉस्टेल नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कॉलेज म्हणावं अशी इमारतही नव्हती. दुबईत एका बँकेच्या वरचे दोन मजले भाड्यानं घेऊन तिथं भारतातल्या एका विद्यापीठाची डिग्री देण्याचा उद्योग चालायचा. खाली बँक, वर बी.एस्सी. कधी कधी बँकेचं एखादं गिऱ्हाईक लिफ्टमधलं चुकीचं बटण दाबून आमच्या केमिस्ट्री लॅबच्या दारात उभं राहायचं आणि वासानंच मागे फिरायचं. अशा कॉलेजची फुटबॉल टीम असावी ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली होती कोण जाणे. पण टीम होती, आणि तिचे कोच होते केमिस्ट्री लॅबचे स्टोअरकीपर.

त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘सर’ म्हणालं, तर त्यांनी हात वर केला. “सर केबिनमधी बसत्यात. तालमीत वस्ताद असतो.” वस्ताद मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींच्याच फुटबॉल टीम असतात आणि तिथल्या पेठा क्रिकेटपेक्षा फुटबॉलवर जीव टाकतात, हे माझ्यासारख्या दुबईत वाढलेल्या मराठी मुलाला त्यांच्याकडूनच कळलं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “फुटबॉल कसला, मारामाऱ्या करतात ते लोक.” बाबा पुण्याचे. त्यांना पुण्याबाहेरचं फारसं काही पटत नसे.

कॉलेजात येण्याआधी वस्तादांनी रास अल खोरच्या एका गोडाउनमध्ये बरीच वर्षं काढली होती. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे पायातले पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. लॅबमध्ये, बसमध्ये, ग्राउंडवर, पायात तेच. पन्नाशीचा माणूस ते जोड घालून आम्हाला पासिंग शिकवायला मध्ये उतरला की सगळी टीम चार पावलं मागे सरायची. दुसरी गोष्ट म्हणजे त्या गोडाउनच्या मागची मोकळी वाळू. वॉचमन ओळखीचा होता, त्यामुळे संध्याकाळी ती जागा आम्हाला मिळायची. एका बाजूला टायरचे ढीग, दुसऱ्या बाजूला भाजीच्या ट्रकची रांग, आणि मध्ये आम्ही.

प्रॅक्टिस म्हणजे आधी तालीम. जोर, बैठका, मग जोडीदाराला पाठीवर घेऊन वाळूतून पळणं. टीममध्ये मल्याळी होते, हैदराबादी होते, मंगळूरचे होते, एक श्रीलंकेचा होता. मराठी मी एकटा, म्हणून मी दुभाषी आणि त्याच कारणानं कॅप्टन. खेळाचा त्यात फार संबंध नव्हता. बिजू नावाचा आमचा विंगर, कोट्टायमचा, शार्जात वाढलेला, महिन्याभरात असे काही जोर मारायला लागला की त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं, “व्हॉट इज धिस न्यू योगा?”

हाफ-टाइमला बाकीच्या टीम संत्री खायच्या. आम्हाला थंडाई. पैलवानाला थंडाई लागते, फुटबॉलवाल्यालाही लागते, यावर वस्तादांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बदाम, बडीशेप, मिरी वाटून दुधात घालायची आणि डिस्टिल्ड वॉटरच्या धुतलेल्या कॅनमधून आणायची. खसखस मात्र नाही. या देशात खसखस बाळगली तर सरळ जेल. “खसखशीबिगर थंडाई म्हंजे नुसतं दूध हो,” असं ते प्रत्येक मॅचला म्हणायचे आणि प्रत्येक मॅचला तेवढ्याच मनापासून हळहळायचे.

पहिला ग्लास मात्र आमचा नव्हता. तो रेफ्रीचा. आमच्या बहुतेक मॅचेसना एक उंच सुदानी गृहस्थ रेफ्री असायचे. एरवी शाळेत गणित शिकवायचे. पहिल्यांदा त्यांनी ग्लासात बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “व्हॉट इज इन धिस, माय फ्रेंड?” वस्ताद म्हणाले, “बदाम. पॉवर. नो प्रॉब्लेम.” नंतर नंतर ते स्वतःच हाफ-टाइमला आमच्याकडे येऊन उभे राहायला लागले. समोरच्या टीमना वाटायचं आम्ही रेफ्रीला पटवतोय. तसं असतं तर आम्ही एखादी मॅच जिंकलो असतो.

कारण आम्ही हरायचो. सहा कॉलेजांची लीग, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे दहा मॅचेस. पहिली सात–शून्य हरलो. शेवटी शेवटी बिजू ग्राउंडवरच बसला. वस्ताद लाइनवरून ओरडले, “कितना मिनट बाकी है?”

“टेन!”

“तो दस मिनट खेलने का. बैठने का नै.”

मी म्हणालो, “वस्ताद, seven–nil आहे. काय उपयोग?”

“स्कोअर इचारला व्हय मी? मिनिटं इचारली.”

स्कोअर या गोष्टीत त्यांना रसच नव्हता. गोल झाला, मग तो कुणीही केलेला असो, ते हलायचे नाहीत. शेवटची शिट्टी झाली की मात्र दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायचे. मग आम्हाला रांगेत उभं करून रेफ्रीसमोर न्यायचे आणि प्रत्येकाला ‘शुक्रन’ म्हणायला लावायचे. सात गोल खाऊन रांगेत उभं राहायचं आणि आभार मानायचे. समोरची मुलं हसायची. आम्हीही मनातून चडफडायचो.

याला कारण होतं. आधीच्या दोन्ही वर्षी आमचं कॉलेज सीझनच्या मध्येच स्क्रॅच झालं होतं. म्हणजे मॅचला टीम गेलीच नाही. परीक्षा, सुट्टी, कुणाचा व्हिसा, कुणाचा ताप. लीगवाल्यांनी पत्र पाठवलं होतं की यंदा एक जरी मॅच सोडली तर कॉलेजचं नाव कायमचं कमी होईल. वस्तादांनी ते पत्र प्रिन्सिपॉलकडून मागून घेतलं आणि स्टोअरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, ॲसिडच्या बाटल्यांच्या यादीशेजारी. आम्हाला म्हणाले, “मला कप नको. मला धा मॅच पाहिजेत. धाच्या धा, शेवटच्या शिट्टीपतोर.” आम्हाला वाटलं, मोठे कोच मोठं बोलतात, हे आपल्या ऐपतीप्रमाणे बोलतायत.

ऐपत खरोखरच बेताची होती. सोळा मुलांवर सुरुवात झाली आणि गळती लागली. प्रॅक्टिसला कुणी दोनदा आलं नाही की वस्ताद बस पकडून त्याच्या घरी हजर. हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसायचे, दिलेला चहा संपवायचे, भिंतीवरच्या फोटोंची चौकशी करायचे आणि मग हळूच विषयाला हात घालायचे. बिजूच्या आईला त्यांनी सांगितलं, “आपका लडका मेरेको शुक्रवार को दे दो. शनिवार को वापस.” ती बाई हॉस्पिटलात नर्स होती, दिवसभर भल्याभल्यांना दामटायची. पण यांच्यापुढे तिचं काही चाललं नाही. फैसल नावाच्या आमच्या हैदराबादी स्ट्रायकरच्या घरी तर त्यांना दोनदा बिर्याणी मिळाली. तिसऱ्यांदा फैसल प्रॅक्टिसला नियमित येत असतानाही ते गेले, असा आम्हाला दाट संशय होता.

काही गळती मात्र घरी जाऊन थांबणारी नव्हती. जानेवारीत आमच्या गोलकीपरच्या वडिलांची कंपनी बंद पडली. व्हिसा कॅन्सल. तीस दिवसांत सगळं कुटुंब मंगळूरला परत. मुलगा कॉलेजात नाव काढायला आला तो लॅबच्या दारातच रडायला लागला. जन्मल्यापासून इथं राहिलेला, मंगळूर त्यानं सुट्टीपुरतं पाहिलेलं. वस्तादांनी समजूतबिमजूत काही घातली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमला घेऊन त्याच्या घरी गेले आणि सामान बांधायला लावलं. कार्टन कसं भरायचं, खाली जड, वर हलकं, दोरीची गाठ कुठं मारायची, हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी जितकं मन लावून शिकवलं तितकं मन लावून पेनल्टी कधी शिकवली नाही. चोवीस खोकी झाली. शेवटच्या खोक्यावर त्या मुलानं आपले ग्लोव्हज ठेवले. वस्तादांनी ते उचलून त्याच्या हातात दिले. “हे खोक्यात न्हाई. तिकडं गेल्या गेल्या टीम शोध.”

मग आम्ही बारा उरलो.

रेफ्रीशी वाद घालायचा नाही, हा वस्तादांचा एकच कडक नियम. आमच्या चौथ्या की पाचव्या मॅचला बॉल माझ्या छातीला लागला आणि हँडबॉलची पेनल्टी दिली गेली. अख्ख्या ग्राउंडला दिसलं होतं. मी रेफ्रीच्या मागे मागे फिरून बडबडलो. वस्ताद तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मला स्टोअरमध्ये बोलावलं आणि टेस्ट ट्यूबचा एक अख्खा ट्रे पुढं सरकवला.

“शिट्टी कुणाची?”

“रेफ्रीची.”

“तुझी न्हाई नव्हं?”

“नाही.”

“मग धू.”

मी धुतल्या. शंभराच्या वर असतील. निम्म्या झाल्यावर राग जरा उतरला आणि मी विचारलं, “वस्ताद, तुम्ही खेळत होतात तेव्हा कधीच नाही भांडलात रेफ्रीशी? Honestly?” ते बाटल्यांवरची लेबलं तपासत होते. “नळ बारीक कर,” म्हणाले. “पाणी इकत घेतंय कॉलेज.”

फेब्रुवारीत तीन मॅचेस उरल्या असताना प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला आणि वस्तादांना केबिनमध्ये बोलावलं. ते मद्रासचे, सज्जन गृहस्थ, फक्त रिझल्टच्या टक्केवारीपुढे त्यांना जगात दुसरं काही दिसत नसे. “एक्झाम्स आर कमिंग. बाकी के तीन मॅचेस स्क्रॅच कर दो. वैसे भी हार रहे हो. हू विल आस्क?”

वस्ताद दारातच उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. “सर, टीम का नाम मत काटो.”

“वन रीझन बताओ.”

वस्तादांना कारण सांगता येईना. एवढा मोठा माणूस दारात असा उभा राहिलेला मला बघवेना, म्हणून मी मध्ये पडून बरंच काही बोललो, कॉलेज स्पिरिट वगैरे. शेवटी त्यांनी कसंबसं म्हटलं, “सर, बच्चों का मार्क मैं देखता.” स्टोअरकीपरनं मार्कांची हमी घ्यावी याचं प्रिन्सिपॉलसाहेबांना हसू आलं आणि त्या हसण्यात त्यांनी हो म्हटलं. अट एकच. कुणीही नापास झालं किंवा एक जरी मॅच स्क्रॅच झाली तर टीम बंद, आणि वस्तादांनी फक्त स्टोअर सांभाळायचं.

तेव्हापासून बसमध्ये अभ्यास सुरू झाला. वस्तादांना केमिस्ट्री येत नव्हती, पण बाटल्या पाठ होत्या. “पोटॅशियम परमँगनेट किधर रखते? कायको उजेड में नै रखते?” अशा प्रश्नांनी त्यांनी आम्हाला भंडावून सोडलं. सांगायला हरकत नाही, त्या वर्षी टीममधलं कुणीही केमिस्ट्रीत नापास झालं नाही.

नऊ मॅचेस झाल्या. नऊही हरलो. दहावी फुजैराला होती.

दुबईहून निघालो तेव्हा दुपार होती. आमचा ड्रायव्हर सरदारजी होता आणि बस त्याच्यापेक्षा म्हातारी. डोंगर सुरू झाल्यावर रेडिएटर तापला. प्यायचं सगळं पाणी त्यात ओतून, थांबत थांबत आम्ही पोचलो, ते अर्धा तास उशिरा. चारची मॅच साडेचारनंतर सुरू झाली. ग्राउंड समुद्राजवळ होतं. लांब पाण्यात तेलाची जहाजं ओळीनं उभी होती. ग्राउंडच्या एका कोपऱ्याला लागून मशीद, आणि रस्त्यापलीकडे एक कॅफेटेरिया.

त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, आमचे पास एकमेकांना मिळायला लागले. सेकंड हाफमध्ये बिजूनं कोपऱ्यातून बॉल टाकला आणि फैसलनं डोकं लावलं. एक–शून्य. आम्ही पुढे होतो. सबंध सीझनमध्ये पहिल्यांदा. मी लाइनकडे पाहिलं. वस्ताद नेहमीसारखे हात मागे बांधून उभे होते. फक्त एकदा त्यांनी सेफ्टी शूजचं टोक वाळूत घासलं.

मग मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, बांग झाली. आमच्या नेहमीच्या सुदानी रेफ्रीनं एक छोटी शिट्टी वाजवली, बॉल उचलला आणि मशिदीकडे हात केला. समोरची मुलं तिकडे निघाली. आमचा फैसलही त्यांच्याबरोबर गेला.

आता माझी चूक. डिसेंबरातल्या एका मॅचला अशीच बांग झाली होती, पण तेव्हा दोनच मिनिटं उरली होती आणि रेफ्रीनं मॅच तिथंच संपवली होती. माझ्या डोक्यात तेच होतं. अंधारत आलंय, बांग झाली, एक–शून्य. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, “खलास! We won! Yalla, चलो!” आणि माझ्यामागे सगळे ओरडत सुटले. वस्ताद त्या वेळी आमच्या गोलमागे लांब गेलेला दुसरा बॉल आणायला गेले होते. त्यांची हाक कुणाला ऐकू आली नाही. सरदारजी गाडी गॅरेजला दाखवायला निघालाच होता, पाच जण उड्या मारत त्याच्या बसमध्ये चढले, गावातल्या बूथवरून घरी फोन करून सांगायला. दोघे समुद्रावर गेले. मी, बिजू आणि आणखी दोघे रस्ता ओलांडून कॅफेटेरियात. बिजूनं बूट काढले आणि शावर्मा मागवला. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि मनात आलं, वस्तादांनी आज तरी आपल्या पाठीवर हात ठेवायला हवा.

तेवढ्यात फैसल धावत आला. नमाज संपवून तो ग्राउंडवर परतला होता. “अबे कॅप्टन! मॅच बाकी है! आठ मिनट! तुम लोगां इधर क्या कर रैं?”

आम्ही पळालो. ग्राउंडवर चार खांबांचे दिवे लागले होते. समोरची अकरा मुलं आपापल्या जागी उभी होती. रेफ्री मध्ये घड्याळ बघत होते. आणि आमच्या अर्ध्या ग्राउंडात, त्या एवढ्या मोकळ्या जागेत, वस्ताद एकटे उभे होते. बगलेत बॉल, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ते रेफ्रीला काही सांगत नव्हते, विनवत नव्हते. नुसते उभे होते, म्हणजे टीम अजून ग्राउंडवर आहे.

रेफ्री मला म्हणाले, “कॅप्टन, सेव्हन प्लेयर्स. दॅट इज द रूल. लेस दॅन सेव्हन, युअर टीम हॅज लेफ्ट.” त्यांनी दहा मिनिटं दिली. आम्ही पाच होतो. बस कुठल्या गॅरेजला गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. मोबाइल टीममध्ये कुणाकडे नव्हता. मला रडू येत होतं. मी म्हणालो, “वस्ताद, सोडा आता. नाही होणार. Five आहोत. होऊ दे स्क्रॅच, माझी चूक, मी सांगतो प्रिन्सिपॉलना.”

त्यांनी माझं मनगट धरलं. “धा मिनिटं हायत. समिंदर तिकडं हाय. पळ.”

मी आयुष्यात तसा परत कधी पळालो नाही. दोघं पाण्यात गुडघाभर उभे राहून जहाजं मोजत होते. त्यांना ओढत आणलं तेव्हा रेफ्रीनं शिट्टी तोंडाशी नेली होती. मी बोटानं मोजलं. पाच, सहा, सात.

नवा गोलकीपर बसबरोबर गेलेला, म्हणून मी गोलमध्ये उभा राहिलो. बिजूला बूट घालायला वेळ नव्हता, तो अनवाणी. सात विरुद्ध अकरा, आठ मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला एक गोल झाला. सातव्या मिनिटाला दुसरा. दोन्ही माझ्या हाताखालून गेले. शेवटी फैसलनं एकट्यानं बॉल काढून नेला, मारला, तो खांबाला लागून परत आला, आणि शिट्टी झाली. या वेळी लांब, तीनदा.

दोन–एक. दहापैकी दहा हरलो.

वस्तादांनी हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. मग आम्हा सात जणांना रांगेत उभं केलं. त्या उंच सुदानी गृहस्थांनी वस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आम्ही रस्त्यावर येतो तर बस परत येत होती. खिडकीतून पाच जण पेप्सीचे कॅन हलवत “चॅम्पियन्स!” म्हणून ओरडत होते. त्यांना सांगायला कुणी पुढं होईना. शेवटी मीच सांगितलं.

परतीच्या वाटेवर डोंगरात बस हळू चालली होती. मी उठून वस्तादांच्या शेजारी जाऊन बसलो.

“सॉरी वस्ताद. माझ्यामुळं हरलो.”

“हरलो तर हरलो. परत आलास नव्हं?” ते खिडकीबाहेर बघत होते. तसंच म्हणाले, “मी न्हवतो गेलो परत.”

मग त्यांनी सांगितलं. एकदाही माझ्याकडे न बघता. कोल्हापुरात ते तालमीच्या टीमचे कॅप्टन होते. फायनल. त्यांनी केलेला गोल रेफ्रीनं दिला नाही. त्यांनी बॉल उचलला, बगलेत मारला आणि टीम घेऊन ग्राउंडबाहेर पडले. लोकांनी खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला.

“सगळ्यांस्नी सांगत आलो, अन्याय झाला म्हणून भाईर पडलो. खरं त्ये नव्हं. रेफ्री माझ्या मागनं आलता. लाइनमननं त्याला सांगितलंतं, गोल बरोबर हाय. म्हणाला, ‘चूक माझी झाली, पाच मिनिटं थांबतो, चल परत.’ हात धरला माझा. मी हात सोडवून घेतला. खांद्यावर बसल्यालो की मी, खाली कोण उतरतंय?”

तालमीवर दोन वर्षांची बंदी आली. त्यांचा गोलकीपर, लहानपणापासूनचा जोडीदार, त्याच सीझनच्या खेळावर पोलीस टीममध्ये भरती व्हायचा होता. खेळलाच नाही तर कोण घेणार? वय निघून गेलं. तो फौंड्रीत लागला. वस्ताद इकडे आले. वीस वर्षं दर दोन वर्षांनी सुट्टीला जायचे आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या त्या माणसाच्या घरावरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्यानं वळसा घालायचे.

“त्यानं कवा एक शबूद इचारला न्हाई मला,” वस्ताद म्हणाले. “इचारला असता तर बरं झालं असतं.”

मी एकोणीस वर्षांचा होतो. मनात खूप माया दाटून आली होती, पण ती व्यक्त कशी करतात हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, “Go and meet him, वस्ताद. या सुट्टीत जा.” दुबईचे दिवे दिसायला लागेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

जूनमध्ये ते सुट्टीवर गेले. सप्टेंबरात कॉलेज उघडलं त्या दिवशी मी बॅग वर्गात टाकून सरळ स्टोअरमध्ये गेलो. ते नव्या मुलांना बीकर मोजून देत होते. मुलं जाईपर्यंत मी थांबलो.

“गेला होतात?”

“गेलो.”

“मग?”

त्यांनी उरलेले बीकर एकात एक घालून ठेवले. “काय काय बोलायचं त्ये सगळं पाठ करून गेल्तो. दारात हुबा ऱ्हायलो आन एक शबूद आठवंना. त्यो खाटंवर बसून पेपर वाचत हुता. चष्म्यावरनं बघितलं. लई येळ बघितलं.”

“काही म्हणाले?”

“म्हणाला, ‘आत येणार हायस, का अजून भाईरच थांबणार?’”

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. डोळे भरले होते आणि हसत होते.

“गेलो की आत.”